आबासाहेबांची हिरवळ आणि माझी पहिली फरशी

फरशीकाम करणारा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी खाली बघतो. लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे! नम्रता कसली, मी सांधे बघत असतो. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हासुद्धा मुलाच्या तोंडाकडं बघायच्या आधी मी त्यांच्या ओसरीचा ढाळ, म्हणजे उतार, बघितला होता आणि बायकोनं कोपरानं ढोसलं होतं. ढाळ बरा होता. मुलगाही बरा निघाला.

या अंकाच्या संपादकबाईंच्या घरातली फरशी माझ्या हातची आहे. त्यांच्या न्हाणीघरात अजून पाणी साचत नाही, म्हणूनच बहुधा त्यांनी मला लिहायला सांगितलं. "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा," म्हणाल्या. गमती खूप आहेत. बारामतीच्या पेठेतला एक व्यापारी प्रत्येक फरशी मडकं घेतल्यासारखी टिचक्या मारून घ्यायचा. आम्ही त्याला हसलो, आणि पुढं मीच ते करायला लागलो, कारण निकोप दगड खणखणतो आणि आतून चिरलेला दगड बद्द वाजतो. आमच्या कन्हेरीच्या एका पेरूवाल्यानं झाडाच्या बुंध्याला अगदी चिकटून गोल फरशी बसवून घेतली. "आवो दादा, झाड वाढंल की!" म्हटलं, तर म्हणाला, "वाढू दे. तवा तुलाच बलावतो." आणि खरंच बोलावलं.

पण या सगळ्यांच्या आधीचं, माझं पहिलं काम सांगतो. ते इंदापूरला, एका हिरवळीवर केलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

आम्ही कन्हेरीचे. कालव्याच्या पाण्यावर ऊस, वांगी, थोडे पेरू. मी धाकटा, आणि घरात माझी ख्याती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे दारं धरण्याची. ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटाला पाणी आलं की एका वाफ्याचा बांध फोडायचा, वाफा भरला की तो बुजवायचा आणि पुढचा फोडायचा, याला दारं धरणं म्हणतात. वाफा असा सपाट हवा, की पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं राहिलं पाहिजे आणि जागच्या जागी जिरलं पाहिजे. माझा वाफा बघायला शेजारचे यायचे. उगाच सांगत नाही.

तरीही मी शेती सोडून दगडाच्या मागं लागलो. आमच्या देवळाच्या अंगणात तात्या मिस्त्री शहाबादी फरशी बसवत होते, ते बघता बघता मी त्यांना घमेली उचलून द्यायला लागलो आणि मग त्यांच्याबरोबरच निघालो. वडील म्हणाले, "जा. चार दिसांत मागारी येशील. दगडाला काय कोंब फुटत न्हाय." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आता रिकाम्या हातानं परत जायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

इंदापूरचं काम एका डॉक्टरीणबाईंचं होतं. हमरस्त्यापासून थोडं आत त्यांच्या वडिलांचा बंगला. वडील आबासाहेब, कालवे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. बाई पुण्याला शिकून आल्या होत्या आणि त्याच बंगल्यात त्यांनी बाळंतिणींसाठी चार खाटांचा दवाखाना काढला होता. आबासाहेबांना मुलीचा अभिमान फार. पण त्याहून थोडा जास्त अभिमान त्यांना बंगल्यापुढच्या हिरवळीचा होता.

ती हिरवळ म्हणजे हरळी, दुसरं काही नाही! आमच्या रानात जी खणता खणता बापजाद्यांच्या कंबरा मोडल्या, जिच्या नावानं आम्ही सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या, तिला हा शहाणासुरता माणूस झारीनं पाणी घालत होता आणि कात्रीनं कापत होता. मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. तात्या मिस्त्रींनी डोळे वटारले तेव्हा मी तोंड फिरवलं.

या हिरवळीवरून चालायचं नाही, असा आबासाहेबांचा दंडक होता. बैलगाडी फाटकाशी थांबायची आणि पोटुशी बाई उतरली की व्हरांड्यातून आबासाहेबांचा आवाज यायचा, "कडेनं जा! कडेनं!" कडेची पायवाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात त्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि वहाण तिथंच राहायची. मागच्या पावसाळ्यात एक गाडी फाटकापर्यंत आली, घरच्यांनी तो चिखल बघितला, आत न्यायची कशी यावर आपसांत वाद घातला आणि गाडी मागं वळवून घेऊन गेले. डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून बाहेर येईपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती. गाडीतल्या त्या बाईचं पुढं काय झालं हे डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून मीही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी वडिलांशी वाद घालायला सुरुवात केली आणि तो उन्हाळ्यापर्यंत चालला. शेवटी आबासाहेब कबूल झाले. हिरवळीच्या मधोमध, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत, खाट घेऊन चार माणसं चालतील एवढा रुंद फरशीचा पट्टा. डाव्या अंगाला, गुलाबांच्या बाजूला, हिरवळीचा तुकडा तसाच ठेवायचा. "पाऊस लागायच्या आत हवं," बाई तात्यांना म्हणाल्या, "यंदा माझ्या फाटकातून एकही गाडी परत जाता कामा नये." एवढंच त्यांचं मागणं होतं.

काळ्या मातीवर फरशी थेट बसवता येत नाही. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आक्रसते आणि वर ठेवलेला दगड एका वर्षात नाचायला लागतो. म्हणून आधी माती खणून काढायची, हरळीच्या मुळ्या वेचायच्या, त्या जागी मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसानं ठोकायचा, वर वाळू-चुन्याचा थर आणि त्यावर फरशी. तात्यांनी खणण्यापासून ठोकण्यापर्यंत सगळं माझ्याकडून करून घेतलं. आम्ही हरळी खणायला लागलो तेव्हा आबासाहेब घरात जाऊन बसले. बाहेर आले ते मुरूम पडल्यावर.

आणि मग तात्यांना बारामतीच्या बाजूला साखर कारखान्याच्या वसाहतीचं मोठं काम मिळालं. ते जाताना मला पाणसळ दाखवून गेले. पाणसळ म्हणजे जागेची पातळी बघायचं साधन, लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट.

"समदं पाणसळीत घे," तात्या म्हणाले, "म्या आठ-धा दिसांत येतो. सूत सोडू नगं."

घाईत ते पुढचं सांगायचं विसरले. किंवा त्यांना वाटलं असेल की एवढं तर कुणालाही कळतं.

मला सपाट म्हटल्यावर काय पाहिजे होतं! मी दोरी बांधली, एकेक फरशी चुन्यावर ठेवून थापीच्या दांड्यानं ठोकली, बुडबुडा बघितला, पुन्हा ठोकली. कन्हेरीतला वाफा मी दगडात उतरवत होतो. आबासाहेब खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसायला लागले. आयुष्य कालव्याच्या पातळ्या मोजण्यात गेलेलं, त्यांना राहवेना. ते खाली वाकून, एक डोळा मिटून, माझ्या फरशीवरून नजर टाकायचे आणि म्हणायचे, "शिवराम, त्या कोपऱ्याला गहूभर उंच आहे." मी बघायचो, तर खरंच गहूभर उंच असायची. हरळीच्या पायी एकमेकांकडं न बघणारे आम्ही दोघं त्या दिवसांत अगदी घट्ट झालो. रस्त्याचा चिखल आणि बाजूची माती आत येऊ नये म्हणून चारी कडांनी आडव्या फरशीच्या टोकाला उभे दगड बसवावेत, वीतभर वर राहतील असे, ही कल्पना आबासाहेबांची. मला ती फारच पसंत पडली. वाफ्याला वरंबा नको का?

सांधे भरून झाले. चुना पक्का व्हायला ओला ठेवावा लागतो. गोणपाट भिजवून टाकलं तरी चालतं, पण आबासाहेब म्हणाले, "पाणीच भरू या. पातळीचीही परीक्षा होईल."

बाई आदल्या दिवशी औषधं आणायला पुण्याला गेल्या होत्या. आम्ही सकाळपासून विहिरीची मोट चालवून पाणी सोडलं. दगडाच्या कडा इतक्या नीट जुळल्या होत्या, की थेंब बाहेर जाईना. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला आणि पाणी आरशासारखं उभं राहिलं. आबासाहेबांनी जास्वंदीचं एक फूल तोडून मधोमध सोडलं. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. फूल ना पुढं सरकलं, ना मागं.

"हलत नाही!" आबासाहेब लहान मुलासारखे ओरडले. "शिवराम, हलत नाही रे!"

मला तेव्हा वडिलांना बोलावून आणावंसं वाटलं. म्हणावं, बघा दगडाला कोंब फुटला की नाही.

दुपारच्या बसनं बाई आल्या. फाटकाशी पिशवी घेऊन थांबल्या. आम्ही दोघं उठून उभे राहिलो, शाबासकीची वाट बघत. त्यांनी पाण्याकडं बघितलं, फुलाकडं बघितलं, मग चारी बाजूंच्या उभ्या दगडांकडं बघितलं.

"आबा," त्या म्हणाल्या, "हे पाणी जायचं कुठं?"

आबासाहेब माझ्याकडं बघायला लागले.

"जिरंल की, बाई," मी म्हणालो.

"कशात? दगडात?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एवढा मोठा सरकारी माणूस आणि एवढा नावाजलेला दारं धरणारा, आम्ही दोघांनी मिळून बाळंतिणींच्या वाटेत हौद बांधला होता. पाणी अडवायचं कसं हे आम्हा दोघांना पाठ होतं. पाणी घालवायचंही असतं, हे आम्हाला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं, कारण आमच्याकडं पाणी कधी जास्त झालंच नव्हतं.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "पावसाळा तोंडावर आलाय," आणि तिथंच पिशवीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

एवढ्यात रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला. बैलगाडी होती. पुढं गाडीवान म्हणजे नवराच, मागं एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून कण्हणारी सून. गाडी फाटकाशी थांबली. म्हातारी उतरली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आवो, हितं तर तळं हाय! दवाखाना कुठं हाय?"

आबासाहेबांच्या तोंडून सवयीनं निघालं, "कडेनं जा, कडेनं!" पण कडेला कुठं वाट होती? खणलेली सगळी काळी माती आम्ही तिथंच टाकली होती आणि सकाळपासून सांडलेल्या पाण्यानं तिचा रेंदा झाला होता.

"ह्यातनं कसं न्यायचं?" नवरा म्हणाला. तो बैलांच्या कासऱ्याकडं हात नेत होता. गाडी वळवणार, हे मला कळलं. बाईंनाही कळलं.

मी पहार उचलली. दारं धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, बांध कुठं फोडायचा ते हाताला माहीत असतं. उजवीकडं तो रेंदा आणि त्यापलीकडं भिंत होती. डावीकडं गुलाब आणि आबासाहेबांनी राखून ठेवलेली हिरवळ. पाणी चुन्याचं होतं, दुधासारखं पांढरं, आणि त्या चुन्यानं हरळी जळून जाणार हे मला माहीत होतं. मी पहार धरून आबासाहेबांकडं बघितलं.

त्यांनी हिरवळीकडं एकदा बघितलं.

"बघतोस काय! फोड!"

मी कडेचा दगड उचकटला, मग दुसरा, मग तिसरा. पाणी भसकन हिरवळीवर गेलं. आबासाहेबांनी स्वतः गोणपाटं आणून फरशीवर अंथरली. बाईंनी एका अंगानं आणि म्हातारीनं दुसऱ्या अंगानं धरून सुनेला चालवत आणलं. ओल्या चुन्यावरच्या फरश्या पायाखाली हलत होत्या, सांधे फुटत होते, आणि माझं पहिलं काम माझ्या डोळ्यांदेखत उखडत होतं. पण ती बाई पायऱ्या चढून आत गेली. दिवस मावळायच्या आत आतून रडण्याचा आवाज आला. म्हातारीनं बाहेर येऊन मला आणि आबासाहेबांना, दोघांनाही, मूठ मूठ साखर दिली. "नात झाली," म्हणाली.

तात्या आले तेव्हा उखडलेली फरशी आणि जळालेली हिरवळ बघून आधी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ते हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्याचं पाणी मुंडाशाच्या शेवानं पुसून म्हणाले, "चूक माजीच हाय. पाण्यावर वाढल्यालं पोरगं तू. आरं, रानात पाणी पावणा असतो, त्याला बसवून घ्यायचं. हितं त्याला पान-सुपारी देऊन वाटंला लावायचं."

मग त्यांनी मला ढाळ शिकवला. दर चार हातांना बोटभर उतार. डोळ्याला दिसता कामा नये, पायाला जाणवता कामा नये, पण पाण्याला कळला पाहिजे. आमच्या धंद्यात सगळी विद्या आहे ती एवढ्यात आहे. मी सगळ्या फरश्या काढल्या, चुना खरवडला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला लागलो. डोक्यावर ढग जमायला लागले होते, त्यामुळं अंधार पडेपर्यंत हात थांबला नाही.

ढाळ कुणीकडं द्यायचा, हे आबासाहेबांनी ठरवलं. "हिरवळीकडं दे," ते म्हणाले. "चुन्यानं जळली असली तरी हरळी आहे ती, मरायची नाही. तुम्हाला रानातनं काढता आली का कधी? फरशीवरचं पाणी तिला मिळू दे." कडेचे उभे दगड त्या बाजूनं काढून टाकले. कालव्याचा माणूस, पाणी फुकट जाऊ देणार नव्हता.

पुढच्या आयुष्यात मी फार फरशी बसवली. बारामतीत, इंदापुरात, कारखान्याच्या वसाहतींत, वकिलांच्या, मास्तरांच्या, बागाईतदारांच्या दारात. आता लोक घराभोवतीची सगळी मोकळी जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून टाकतात आणि विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून ओरडतात. त्यातली बरीच माती मीच झाकली, हे मला उतारवयात टोचतं. म्हणून जो कुणी अजून विचारायला येतो त्याला मी सांगतो, एक तुकडा उघडा ठेवा आणि ढाळ तिकडं द्या. काही ऐकतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या पावसाळ्याचं. झड लागली होती. माझा ढाळ नीट चालतो की नाही हे बघायला मी कन्हेरीहून बस पकडून मुद्दाम गेलो होतो. फाटकाशी उभं राहून बघितलं, तर पाणी फरशीवर थांबत नव्हतं. गुपचूप डावीकडं सरकत होतं, आणि तिथं जळालेल्या हरळीला नवे हिरवे कोंब फुटले होते. मला वडिलांचं वाक्य आठवलं आणि एकट्यालाच हसू आलं.

तेवढ्यात माझ्या मागं एक गाडी येऊन थांबली. गोणपाटाची खोळ घेतलेला एक शेतकरी उतरला आणि त्यानं बायकोला आधार देऊन खाली घेतलं. त्यानं फाटकातून आत बघितलं. त्याला आबासाहेबांचा दंडक माहीत असणार, पंचक्रोशीत सगळ्यांनाच माहीत होता. तो बिचारा फरशी सोडून कडेच्या चिखलाकडं वळला.

व्हरांड्याचं दार उघडलं. आबासाहेब बाहेर आले, डोक्यावर छत्री नाही, पायात वहाण नाही. पायऱ्या उतरून ते फरशीच्या मधोमध पावसात उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अहो, कडेनं नको! मधनं या! मधनं!"